तराजूकडे तोंड करून

आमच्या दुकानामागच्या खोलीत आता पुन्हा टायर आले आहेत. लाखनीला हायवेच्या कडेला आमचं ट्रकच्या टायरचं दुकान आहे, तेव्हा टायर येणार यात नवल नाही. मुळात ती खोली त्यांचीच. पण परवा काहीतरी शोधायला आत गेले आणि ज्या टेबलावर आमचा तराजू असायचा त्या टेबलावर टायरांची चळत दिसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तिथूनच नवऱ्याला हाक मारून चार शब्द सुनावले. ते दुकानातून शांतपणे म्हणाले, "अवं, मंग टायर का डोक्यावर ठेवू? पोरं तं गेली आता सारी."

पोरं गेली हे खरंच आहे. खरं बोललेलं मला लवकर सोसत नाही, हेही खरंच आहे. मी टायर सरकवून टेबलाची कड मोकळी केली. ॲसिडने पडलेला डाग होता तिथेच होता. तराजू वर फळीवर, काचेच्या पेटीत, वरून धूळ. मी उगीच त्याचं दार उघडून बघितलं. काटा एकदम स्थिर. लाखनीवरून उड्डाणपूल गेल्यापासून ट्रक वरच्या वर निघून जातात आणि आमचं घर हलायचं थांबलं आहे. आता अचूक वजन करता येईल, तर वजन करायला कोणी नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, त्यातलाच प्रकार.

त्या खोलीत आमची प्रयोगशाळा होती. शाळेत न जाणाऱ्या मुलांची. ती सुरू झाली माझ्या मुलीमुळे.

मुलगी सहावीत असताना शाळेत, प्रार्थनेच्या वेळी, तिला फिट आली. आपल्याकडे लोक जे करतात तेच तिथल्या लोकांनी केलं. एकाने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. दुसरा खिचडीच्या खोलीतून कांदा फोडून घेऊन धावत आला. सगळी शाळा भोवती गोल करून उभी. ती शुद्धीवर आली तेव्हा तिला आधी दिसली ती कोणाची तरी चप्पल, आणि तिच्या वर वाकलेली तोंडंच तोंडं.

नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. ते म्हणाले, शाळेत खुशाल पाठवा, फक्त आग, पाणी आणि उंची यांपासून जपा. शाळेच्या साहेबांनी मात्र फक्त 'जपा' एवढंच ऐकलं आणि मला विचारलं, "बाई, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. भांडणात मात्र मला उपजत डॉक्टरेट आहे. मी त्यांच्याशी असं भांडले की शेवटी ते म्हणाले, आणा बाई, आणा. लढाई मी जिंकले होते. पण मुलगी दप्तराला हात लावेना.

"फिट आली तं मले समजतच नाई, आई," ती म्हणाली. "पन उठल्यावर सारे वरून पाहून रायतेत ना, ते मले नाई पायजे."

यावर मी काय भांडणार? ती घरी राहिली. मी घरी शिकवू लागले. शेजारच्या बायका दुकानात आल्या की हळूच विचारायच्या, मिरगी आहे का हो, मग लग्नाचं कसं. सहावीतल्या पोरीच्या लग्नाची काळजी त्यांना! मी त्यांना चहा देणं बंद केलं.

भाषा झाली, गणित झालं. आठवीच्या विज्ञानाशी येऊन आमची गाडी अडली. लिटमस लाल होतो, चुन्याची निवळी दुधाळ होते, हे ती पाठ म्हणून दाखवायची. पण काठावर बसून पोहणं शिकवावं तसं मला ते वाटायचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला माणसं हवी होती. बाप आणि आई सोडून कोणाशी तिचं बोलणंच उरलं नव्हतं. मी ठरवलं, प्रयोगशाळा काढायची आणि आपल्यासारखी घरी शिकणारी पोरं गोळा करायची. नवऱ्याने कुरकुरत टायर टिनाच्या शेडखाली नेले. जुन्या दारांची दोन टेबलं झाली, काचसामान नागपूरहून आलं.

पोरंही मिळाली. जवळच्या गावातली एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ. त्यांचे वडील पुण्याची नोकरी सोडून घरच्या धानाच्या शेतीकडे परत आले होते आणि मुलं निसर्गाच्या कुशीतच शिकतील असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांची आई एक दिवस दोघांना माझ्याकडे घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "निसर्ग ठीक आहे हो, पण दहावीचं काय?" तिसरा चिखला गावचा एक मुलगा. वडील तिथल्या मँगनीजच्या खाणीत कामाला. शाळेत रोजचा मार खाऊन कंटाळला, म्हणून लाखनीला मावशीकडे राहून बाहेरून दहावी देणार होता. मावशीने त्याला आणून माझ्यासमोर उभं केलं. "बाई, याले काहीतरी कामाले लावा. घरातला पंखासुदिक खोलून बसला."

मधूनमधून आणखी पोरं यायची, जायची. पण ही तिघं आणि माझी मुलगी, अशी चार कायमची.

तराजू आम्ही एका सोनाराकडून जुना घेतला होता. काचेच्या पेटीतला, फार नाजूक. आणि आम्ही हायवेवर. बाहेरून ट्रक गेला की जमीन हलायची आणि काटा डुलायला लागायचा. मग वजन करायची आमची एक रीतच पडली. कोणीतरी म्हणायचं, "थांबा, ट्रक!" आणि सगळी पोरं तराजूकडे तोंड करून, श्वास धरून उभी राहायची. ट्रक लांब गेला, काटा थांबला की घाईघाईने वजन वाचायचं, कारण पुढचा ट्रक आलाच. सुगीच्या दिवसांत धानाचे ट्रक वाढायचे तेव्हा अख्खा वर्ग नुसता उभाच असायचा. मला वैताग यायचा. पोरांना गंमत वाटायची.

स्पिरिटचा दिवा फुंकून विझवायचा नसतो, त्यावर टोपण ठेवायचं असतं. पहिल्या दिवशी कोणी फुंकर मारली की त्याला झापायचं, अशी मी तयारी करून ठेवली होती. कोणीच फुंकलं नाही. मी विचारलं तर धाकटा भाऊ माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसा बघत म्हणाला, "दिवा फुंकत नसते ना, काकू." चिखल्याचा मुलगा म्हणाला, "आमच्या घरी बुद्धासमोरची मेणबत्तीबी नाई फुंकत." माझं झापणं वायाच गेलं.

त्या खोलीत माझी मुलगी पुन्हा हसायला लागली. चिखल्याच्या मुलाशी तर तिचं रोज भांडण व्हायचं आणि ते ऐकायला मला फार गोड वाटायचं. पण माझा एक नियम होता. दिवा मी लावणार, परीक्षानळी मी धरणार. मुलीने हातभर लांब उभं राहायचं, बघायचं आणि सांगायचं. बाकीच्यांनी काहीही करावं, पण तिने आगीला, ॲसिडला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी जपा म्हटलं होतं, मी जपत होते. ती बघण्यात इतकी तरबेज झाली की रंग बदलायच्या आधीच तिला कळायचं. पण तिच्या बोटांना काच माहीत नव्हती.

दहावीचं वर्ष आलं. प्रात्यक्षिक परक्या शाळेत, परक्या लोकांसमोर द्यायचं होतं. एक दिवस परीक्षानळ्या विसळताना ती सहज म्हणाली, "तिथं नळी धराले तू येशील का?"

"बघू," मी म्हटलं. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. ते तिला जन्मापासून माहीत होतं. ती नळ्या विसळत राहिली. मी रात्रभर स्वतःशी भांडत राहिले आणि सकाळी पुन्हा तिच्या हातातला बीकर काढून घेतला.

त्या दिवसांतच पोरांचं काहीतरी चाललं होतं. एकदा मी अंगणातून आत आले तर चिखल्याचा मुलगा जमिनीवर कुशीवर आडवा पडलेला, डोक्याखाली कोणाचा तरी स्वेटर, आणि बाकीची दोघं आमच्या स्टॉपवॉचवरून वाद घालताहेत. मुलगी टेबलावर बसून पाय हलवत त्यांना सूचना देत होती.

"हे काय चाललंय?" मी कडाडले. "परीक्षा तोंडावर आली आन् तुम्ही झोपाझोपी खेळून राहिले?"

"प्रॅक्टिकल आहे, काकू," तो पडल्या पडल्या म्हणाला. त्यावर सगळी फिदीफिदी हसली. मी त्याला उठवून सगळ्या नळ्या पुन्हा धुवायला लावल्या.

मग आला ऑक्सिजनचा प्रयोग. त्याला मँगनीज डायऑक्साइड लागतं. मी नागपूरच्या दुकानदाराला बाटली पाठवायला सांगितलं होतं. तो आज पाठवतो, उद्या पाठवतो करत होता आणि मी रोज फोनवर त्याची हजेरी घेत होते. चिखल्याचा मुलगा सुट्टीत घरी जाऊन आला तो पँटचा खिसा काळाकुट्ट करून. मी ओरडणार तेवढ्यात त्याने खिशातून काळे दगड काढून टेबलावर ठेवले. "पुस्तकात लिवलं आहे, काकू, हेच ते. आमच्याकडे तं रस्त्यावर पडलं रायते." काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आपल्या जिल्ह्यातली खाण, तिचा दगड मी नागपूरहून बाटलीत मागवत होते. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

दगड कुटून त्याची पूड झाली. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. पुस्तकात जळती लाकडी काडी लिहिलेली असते. आम्ही उदबत्ती घेणार होतो. नळीत पूड, वर पेरॉक्साइड, फेस येतो, ऑक्सिजन निघतो. त्यात उदबत्तीचं नुसतं लाल टोक धरलं की फट्कन ज्योत उठते. प्रत्येकाची वेगळी नळी भरून स्टँडमध्ये ठेवली. मुलीची मी धरणार होते. मी आल्याशिवाय कोणी पेरॉक्साइड ओतायचं नाही, असा दम भरून मी अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात गेले. पोरांना भजी कबूल केली होती, त्याचे कांदे चिरायला.

थोड्या वेळाने बहीण दारात आली. धावत नाही, चालत आली.

"काकू, तिले फिट आली. घाबरू नका."

मी कशी पोहोचले मला माहीत नाही. मुलगी जमिनीवर कुशीवर होती, डोक्याखाली स्वेटर. अंग अजून हिसके देत होतं. काचसामान सगळं टेबलाच्या पलीकडे सरकवलेलं, दिव्यावर टोपण. चिखल्याचा मुलगा तिच्या पाठीशी उकिडवा बसला होता. एक हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. धाकटा भाऊ तराजूकडे तोंड करून उभा होता. बहीण माझ्या बाजूने पुढे गेली आणि तीही जाऊन तशीच उभी राहिली. मला संताप आला. माझी पोर खाली पडली आहे आणि हे वजन करताहेत?

मी तोंड उघडलं, तेवढ्यात चिखल्याच्या मुलाने माझ्या हाताकडे बघितलं. अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकू, कांदा कायले आणला?"

मी बघितलं. माझ्या मुठीत अर्धा चिरलेला कांदा होता, आणि तो हात मी पुढे केलेला होता. चिरता चिरता उठले होते म्हणून राहिला हातात, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण त्या क्षणी तो हात तिच्या नाकाकडेच निघाला होता. त्या शाळेतल्या माणसांना इतकी वर्षं शिव्या देणारी मी, बी.एस्सी. केमिस्ट्री! रक्तात मुरलेलं पदवीने निघत नाही.

हळूहळू अंग सैल पडलं. श्वास नीट झाला. मुलाने घड्याळ थांबवलं, हात तिच्या खांद्यावर तसाच ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मला म्हणाला, "काकू, तुमीबी तिकडं पाहा."

"काय?"

"तराजूकडं. उठन आता ते."

तेव्हा मला सगळं समजलं. त्या दिवशी तो जमिनीवर का पडला होता, मुलगी टेबलावर बसून काय सांगत होती, सगळं. जी गोष्ट तिने मला एकदाच सांगितली आणि मी ऐकून बाजूला ठेवली, ती तिने त्यांना सांगितली होती, आणि पोरांनी तिचा सराव केला होता. मी प्रयोग शिकवत बसले. हा प्रयोग त्यांचा त्यांनी बसवला.

मी वळले. बहीणभावाच्या शेजारी, हातात कांदा घेऊन, तराजूकडे तोंड करून उभी राहिले. आयुष्यात मी बरीच कठीण कामं केली, पण आपली मुलगी मागे जमिनीवर असताना तिच्याकडे न बघण्याइतकं कठीण काही केलं नाही. बाहेरून ट्रक गेला. काटा डुलला, थांबला. कोणी वजन वाचलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांदा हातात होता म्हणून बरं.

मागून तिचा आवाज आला, जडावलेला. "किती वेळ झाला?"

"जादा नाई," मुलगा म्हणाला. "झोप तू."

ती झोपली. ती झोपल्यावर धाकट्या भावाने माझ्या मुठीतला कांदा हळूच सोडवून घेतला. "हा घेऊ का, काकू? स्लाइडले कामी येते." आणि खरंच त्या कांद्याची पातळ साल काढून तो सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसला. मला रडता रडता हसू आलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी होती. तरी तिघंही आली. नळ्या स्टँडमध्ये तशाच होत्या. आदल्या दिवशी कोणीच पेरॉक्साइड ओतलं नव्हतं. आता तिघांनी आपापलं उरकलं, ज्योती उठल्या, आरडाओरडा झाला. शेवटी एक नळी उरली. तिघांनी टेबलापाशी जागा करून दिली.

मुलगी पुढे आली. मी म्हणणार होते की कालच फिट आली आहे, आज राहू दे, बघू. तो शब्द ओठांवर आलाही होता. चिखल्याचा मुलगा माझ्याकडे बघत होता, माझ्या हाताकडे. मी काडेपेटी मुलीकडे सरकवली.

तिने काडी ओढून उदबत्ती पेटवली. हलवून ज्योत मालवली. लाल टोक राहिलं. डाव्या हाताने नळी उचलली आणि उजव्या हातातली उदबत्ती बोटांत तशीच अडकवून पेरॉक्साइड ओतलं. थोडं टेबलावर सांडलं. काळ्या पुडीवरून फेस वर आला. माझा हात सवयीने पुढे गेला आणि नळीला लागला.

नळीवरची नजर न हलवता ती म्हणाली, "आई, हात काढ."

मी काढला. पण इतक्या वर्षांच्या त्या हाताचं आता काय करावं मला कळेना. मी वळले, तराजूकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी त्याच्या टेबलाची कड धरून उभी राहिले. मागे फट् झालं. पोरं ओरडली. तराजूच्या पेटीच्या काचेत मला ती ज्योत दिसली, आणि ती धरून उभी असलेली माझी मुलगी.